तोंड मोजलं, कोन मोजायचा राहिला: एका पूल टेबलाच्या पॉकेट्सचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे एका हौशी पूल क्लबातलं प्रकरण आहे. पूल म्हणजे क्यूने, लांब काठीने, बॉल मारून ते टेबलाच्या कोपऱ्यांतल्या आणि मधल्या पॉकेट्समध्ये घालायचा खेळ. क्लबात चार टेबलं, चारही नऊ फुटी. कुशनच्या, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी कठड्याच्या, धारेपासून धारेपर्यंत १०० बाय ५० इंच. टेबलांची निगा राखणाऱ्या तिघांच्या समितीत मी होतो, त्यामुळे इथे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे.

टेबलं एकाच मापाची असली तरी पॉकेट्स एकसारखी नव्हती. पहिली तीन टेबलं जुनी. त्यांच्या कोपऱ्यातल्या पॉकेट्सचं तोंड १२७ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच. चौथं टेबल बऱ्याच उशिरा आलं. त्याचं तोंड ११५ मिलिमीटरच्या आसपास. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा असतो, आणि साडेचार इंचांचं तोंड म्हणजे ११४.३ मिलिमीटर, बरोबर दोन बॉल. म्हणूनच पॉकेटच्या तोंडात दोन बॉल शेजारी शेजारी ठेवून अंदाज घेण्याची पद्धत खेळाडूंमध्ये रूढ आहे. चौथ्या टेबलावर दोन बॉल जेमतेम बसत, जुन्या तिन्हींवर दोन बॉल ठेवूनही चांगली बोटभर फट राहायची.

हा फरक दिसायला बारा मिलिमीटरचा, पण खेळात तो मोठा असतो. समोरून सरळ येणाऱ्या बॉलचा मध्यबिंदू जिथून जाऊ शकतो ती जागा म्हणजे तोंडाच्या मापातून एका बॉलचं माप वजा. पाच इंची पॉकेटात ती जवळजवळ ७० मिलिमीटर भरते, साडेचार इंचीत ५७. जागतिक पूल संघटनेच्या साधनांच्या नियमांत कोपऱ्याचं तोंड साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच सांगितलं आहे. आमची जुनी टेबलं त्या हिशोबाने ऐसपैस होती. नवशिक्यांना ती आवडत. लीगचे सामने बाहेर, आवळ पॉकेट्सच्या टेबलांवर होत, आणि तिथे आमचे चांगले खेळाडूही घरचा आत्मविश्वास घेऊन जायचे व हरून परत यायचे.

अडचण

सभासदांच्या बैठकीत ठराव झाला: तिसरं टेबल ‘टाइट’ करायचं. काही जण म्हणाले, व्यावसायिक स्पर्धांत सव्वाचार इंचांची पॉकेट्स असतात, आपणही तेवढीच करू. हात वर झाले आणि विषय संपला. त्या वेळी आम्हा तिघांपैकी कुणीही विचारलं नाही की तिसऱ्या टेबलाच्या फेसिंगचा कोन किती आहे. फेसिंग म्हणजे पॉकेटच्या तोंडाशी कुशन जिथे तिरपं कापलेलं असतं, तिथे चिकटवलेली कडक रबराची पट्टी. बॉल आत जाताना जिथे आपटतो ती हीच जागा.

मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे काम केलं. चारही कोपऱ्यांत, प्रत्येक फेसिंगवर आधीच्या पट्टीवर चार-चार मिलिमीटरच्या आणखी दोन पट्ट्या चढवल्या. तोंड १२७ वरून १०८ वर आलं. सव्वाचार इंच म्हणजे १०७.९५, त्यामुळे कागदावर काम चोख होतं.

पहिल्याच आठवड्यात गडबड दिसू लागली. सरळ, मधूनच जाणारे शॉट ठीक पडत होते. रेलला, म्हणजे कुशन बसवलेल्या कडेला, लागून जाणारा बॉल मात्र पॉकेटच्या जबड्यात दोन-तीनदा आपटून बाहेर यायचा. खेळाडूंना वाटलं आपलाच नेम चुकतोय. एकाने क्यू बदलून पाहिला. एकाने रेलवरचे बॉल घेणंच सोडलं आणि प्रत्येक वेळी सेफ्टी खेळू लागला, म्हणजे पॉकेटात बॉल न घालता पांढरा बॉल समोरच्याला अवघड जागी ठेवू लागला. नाइन-बॉलचे, म्हणजे नऊ बॉलांच्या पूलचे, डाव लांबत चालले.

क्लबातली एक शाळकरी मुलगी तिसऱ्या टेबलावर रोज सराव करायची. तिने मला सहज सांगितलं होतं, “दादा, हळू मारला की जातो. जोरात मारला की सरळ गेलेलासुद्धा परत येतो.” मी मान डोलावली आणि विसरलो. अख्ख्या प्रकरणातली सर्वांत नेमकी नोंद तीच होती.

लोकांची पहिली शंका शेल्फवर गेली. पॉकेटच्या तोंडापासून स्लेट, म्हणजे कापडाखालची दगडी फरशी, जिथे खाली तुटते तिथपर्यंतचा जो सपाट कट्टा असतो, त्याला शेल्फ म्हणतात. “कट्टा फार खोल झालाय, बॉलला पडायला वेळ लागतो,” असं चौघा-पाचांचं ठाम मत होतं. मलाही ते पटलं होतं.

मोजमाप

आठ-दहा दिवस नुसता वाद झाल्यावर आम्ही मोजायला बसलो. व्हर्नियर, कोनमापक आणि पुठ्ठ्याचा एक साचा, एवढंच साहित्य. साचा १४२ अंशांत कापला होता, कारण कुशनची धार आणि फेसिंग यांच्यामध्ये कोपऱ्यासाठी १४२ अंश, एक अंश इकडे-तिकडे, असं नियम सांगतो. मधल्या पॉकेटांसाठी तो १०४ आहे.

कट्ट्याची शंका लगेच फिटली. तोंड आवळलं की कट्टा वाढत नाही, कमी होतो. कोपऱ्याचं तोंड म्हणजे दोन कुशनांच्या टोकांना जोडणारी तिरपी रेषा. ती टोकं पॉकेटकडे सरकली की रेषाही आत सरकते, आणि रेषेची लांबी जितकी घटते त्याच्या निम्म्याने ती स्लेटच्या कडेजवळ जाते. आमचं तोंड १९ मिलिमीटरने घटलं होतं, म्हणून कट्टा साडेनऊ मिलिमीटरने कमी झाला होता: ५५ वरून साधारण ४६. नियमात एक ते सव्वादोन इंच, म्हणजे २५ ते ५७ मिलिमीटर चालतात. कट्टा निर्दोष होता.

मग साचा लावला, आणि तो बसेना. आठही फेसिंगांवर फट. कोन १४४ ते १४६, बहुतेक ठिकाणी १४५. कधीतरी जुन्या काळात रबर बदलताना कुणीतरी हातानेच टोकं कापली असावीत. दोष जुना होता. पाच इंची तोंडाने इतकी वर्षं तो पोटात घातला होता.

तीन अंशांनी काय बिघडतं, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनीच विचारला. मी तो कागदावर मांडून पाहिला, आणि इथेही मांडतो, कारण या प्रकरणाचं मर्म त्यातच आहे.

समजा बॉल लांब रेलला समांतर कोपऱ्याकडे चालला आहे आणि किंचित चुकून पलीकडच्या फेसिंगवर आपटला. कोन १३५ अंश असता, तर दोन्ही फेसिंग एकमेकांना समांतर असती. बॉल काटकोनात वळून समोरच्या फेसिंगवर गेला असता, तिथून पुन्हा काटकोनात, आणि प्रत्येक वेळी पॉकेटच्या मध्यरेषेशी ४५ अंश राखून आतच सरकला असता. १४२ अंशांत फेसिंग आत जाताना जवळ येत जातात. पहिल्या धडकेत बॉल ९० ऐवजी १०४ अंश वळतो. मध्यरेषेशी त्याचा कोन ४५ वरून ५९ होतो, मग ७३, मग ८७. चौथ्या धडकेला तो १०१ होतो, म्हणजे बॉल बाहेरच्या वाटेला लागला. आता १४५ घ्या. प्रत्येक धडक १४ ऐवजी २० अंश खाते: ४५, ६५, ८५, आणि तिसऱ्याच धडकेला १०५.

खरं रबर आरशासारखं वागत नाही. बॉलची फिरकी, कापडाचं घर्षण, पट्टीचा कडकपणा यांनी हे आकडे हलतात. तरी दिशा कळते. अरुंद तोंडात बॉल एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर लवकर पोचतो, म्हणून कट्टा संपायच्या आत धडका जास्त होतात. रुंद तोंडात तिसरी धडक व्हायच्या आधीच बॉल स्लेटच्या कडेवरून पडलेला असतो. हळू आलेला बॉल रबराला जेमतेम टेकतो, उसळत नाही आणि घरंगळत पडतो. मुलीने सांगितलं होतं ते असं तंतोतंत जुळलं.

आणखी एक गोष्ट दिसली. फेसिंगसाठी नियमात शोअर ए मापाने, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायच्या पट्टीवर, ६० ते ८० कडकपणा आणि दीड ते सहा मिलिमीटर जाडी सांगितली आहे. आमच्याकडे तीन थर मिळून जाडी त्याच्या दुपटीच्या घरात गेली होती. गोंदाने जोडलेले थर एकजीव वागत नाहीत. एका जागी बॉल मेल्यासारखा पडायचा, दोन बोटं पुढे उसळायचा.

पर्याय

समितीसमोर चार रस्ते होते.

सगळ्या जादा पट्ट्या काढून टेबल पूर्ववत करणं हा सर्वांत सोपा. एका दिवसाचं काम. पण ज्यासाठी ठराव केला ते राहूनच जाणार होतं.

एकच पट्टी काढणं हा मधला मार्ग. तोंड ११७ च्या आसपास आलं असतं. बैठकीत याला सर्वांत जास्त पाठिंबा मिळाला, कारण तो समंजस तडजोडीसारखा दिसत होता. मला तो मान्य नव्हता. कोन १४५ चाच राहिला असता. धडका थोड्या कमी झाल्या असत्या, पण जोरात मारलेला चांगला शॉट नाकारणारं पॉकेट तसंच राहिलं असतं. फक्त तक्रार इतकी पुसट झाली असती की पुढे कुणी मोजायलाही बसलं नसतं.

तिसरा रस्ता रेल काढून लाकडी टोकं वाढवायची, रबर नव्याने बसवायचं, १४२ अंशांत कापायचं आणि एकच फेसिंग लावायचं. यात टेबल बरेच दिवस बंद राहणार होतं.

चौथा रस्ता एका स्नूकर खेळणाऱ्या सभासदाने सुचवला: जबडे गोलाकार करून टाका. त्यांचं म्हणणं असं की स्नूकरच्या पॉकेट्सही आवळच असतात आणि तिथे कुणी रडत नाही. ही तुलना मला महत्त्वाची वाटली, पण ती उलट्या बाजूने बोलते. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, टेबल बारा फुटी आणि कुशनची टोकं गोल वळलेली. तिथे पॉकेटच्या अलीकडे कुशनला घासलेला बॉल बहुधा जबड्यात अडकतो, आणि त्या खेळाची शॉट निवडण्याची सगळी रीतच त्यावर उभी आहे. पूलमध्ये टोकं धारदार असतात. टोकाच्या जरा आधी रेलला पुसटसा लागलेला बॉलही अनेकदा आत जातो. रशियन पिरॅमिडमध्ये तर ६८ मिलिमीटरच्या बॉलला कोपऱ्यात ७२-७३ मिलिमीटरचीच वाट मिळते, आणि तो खेळ त्या मापाभोवतीच घडला आहे. प्रत्येक खेळाचं पॉकेट हा त्या खेळाच्या नियमांइतकाच त्याचा भाग असतो. आम्हाला पूल खेळायचा होता, म्हणून गोल जबडे बाद.

तोंड किती ठेवायचं यावर खरी ओढाताण झाली. सव्वाचार इंच मागणारे मागे हटत नव्हते. शेवटी आम्ही नियमाच्या खालच्या टोकावर, ११५ मिलिमीटरवर थांबलो. लीगमधली टेबलं त्याच मापाची होती. सव्वाचारची तयारी करून साडेचारवर खेळायला गेल्याने कुणाचं भलं होईल असं मला आजही वाटत नाही.

मधल्या पॉकेट्सना हात लावायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. ती १२९ मिलिमीटर होती, नियमात बसणारी. काहींना तीही आवळायची होती. पण मधल्या पॉकेटात बॉल तिरपा आला की तोंड आपोआप अरुंद होतं. समोरून १२९ मिलिमीटर दिसणारं तोंड ६० अंश तिरक्या वाटेवरून निम्मं, साडेचौसष्ट मिलिमीटर दिसतं, आणि बॉल ५७ चा. तिथे आणखी आवळायला जागाच नाही.

काय केलं

तिसरा रस्ता घेतला. रेल सुटल्या, लाकडी टोकं वाढवली गेली, आणि मिस्त्रींनी साचा लावून आठही टोकं १४२ अंशांत कापली. प्रत्येक टोकाला पाच मिलिमीटरची एकच फेसिंग. उभ्या दिशेचा उतारही त्याच वेळी तपासला. फेसिंग वरून खाली थोडं मागे कललेलं असावं लागतं, १२ ते १५ अंश, नाहीतर जोरात आलेला बॉल दबण्याऐवजी उडतो. तोंड ११५, कट्टा साधारण ४९.

रेल उघडल्याच आहेत तर कापडही नवं घालू, असं कुणीतरी म्हटलं. घातलं. हा निर्णय पाच मिनिटांत झाला आणि पुढे त्याने सर्वांत जास्त गोंधळ घातला.

परिणाम

तपासणीसाठी आम्ही एकच शॉट ठरवला. रेलपासून अर्ध्या बॉलच्या अंतरावर एक बॉल, मागे सरळ रेषेत पांढरा, दोन्ही जागा कापडावर छोट्या गोल स्टिकरने पक्क्या केलेल्या. तीन वेग: हळू, मध्यम, जोरात. वेगवेगळ्या पातळीच्या पाच जणांनी चारही टेबलांवर तोच शॉट पुन्हा पुन्हा मारला.

तिसऱ्या टेबलावर आता मध्यम वेगाचा शॉट पडू लागला. जोरात मारलेला बरोबर असेल तर पडतो, चुकलेला असेल तर बाहेर येतो. आम्हाला हवं होतं ते एवढंच. आवळ पॉकेटने चुकीचा शॉट नाकारावा. बरोबर शॉट नाकारणाऱ्या पॉकेटमुळे खेळाडू हळूहळू वाकडं शिकतो. सेफ्टीवर गेलेले ते गृहस्थ पुन्हा रेलवरचे बॉल घेऊ लागले. मुलीने मात्र हळू मारायची सवय सोडायला बरेच आठवडे घेतले. सदोष टेबलाने लावलेली सवय होती ती, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पहिल्या महिन्यात उलटी तक्रार आली: “हे तर फारच सोपं झालं.” अकरा-बारा मिलिमीटर जास्त आवळ असूनही तिसरं टेबल काहींना जुन्या दुसऱ्या टेबलाइतकं उदार वाटत होतं. कारण कापड. नव्या कापडावर बॉल निसरडा असतो. फेसिंगला लागून तो आत घसरतो. कापड मळलं, थोडं घासलं, की रबर बॉलला धरतं आणि तोच शॉट थबकतो. आम्ही कोन आणि कापड एकाच वेळी बदलल्यामुळे कशामुळे किती फरक पडला हे सांगायला कुणाकडेच आधार उरला नाही. कापड मुरेपर्यंत थांबलो आणि पुन्हा तोच शॉट, त्याच स्टिकरवरून मारून पाहिला. तेव्हा टेबल चौथ्याच्या जवळ आलेलं आढळलं.

पहिलं आणि दुसरं टेबल जसं होतं तसं पाच इंची ठेवलं. भिंतीवर प्रत्येक टेबलाचं तोंड, कोन आणि कट्टा लिहिलेला एक कागद लावला. नवशिके पहिल्या दोघांवर, लीगचा संघ तिसऱ्या-चौथ्यावर, असं न सांगता आपसूक होऊ लागलं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला निर्णय, म्हणजे ठराव, मोजमापाच्या आधी झाला. बैठकीत आलेला ‘सव्वाचार’ हा आकडा मुळातच अपुरा होता. तोंड, कोन, कट्टा आणि फेसिंगची जाडी या चार गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय पॉकेटबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. सव्वाचार इंची, १४२ अंशांचं, उथळ कट्ट्याचं पॉकेट माझ्या मते पावणेपाच इंची, १४५ अंशांच्या, खोल कट्ट्याच्या पॉकेटपेक्षा रेलवरच्या शॉटला जास्त प्रामाणिक वागेल.

दुसरी गोष्ट, चारही कोपरे एकदम करायला नको होते. एकच कोपरा बदलून दोन आठवडे खेळलो असतो तर तक्रार त्याच कोपऱ्यापुरती राहिली असती, आणि शेजारचे तीन कोपरे तुलनेला हाताशी असते.

तडजोडीचा पर्याय, एक पट्टी काढण्याचा, मी थोडक्यात टाळला असं आज म्हणता येतं, पण खरं तर तो नशिबाने टळला. त्या बैठकीला दोन माणसं कमी आली असती तर तोच मंजूर झाला असता. मी तेव्हा कोनाचा कागद सोबत नेला नव्हता, नुसतं बोललो होतो. कागद नेला असता तर वाद इतका लांबला नसता.

कापडाबद्दल वर लिहिलंच आहे. एका वेळी एकच बदल, हे आम्हाला ठाऊक होतं आणि सोयीसाठी आम्ही ते मोडलं.

आता चौथं टेबल. ते नवं म्हणून आम्ही ते कधी तपासलंच नव्हतं. सगळी तुलना त्याच्याशीच करत होतो. भिंतीवरचा कागद तयार करताना त्यालाही साचा लावला. सात फेसिंगांवर तो बरोबर बसला. ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारायच्या बाजूच्या डाव्या कोपऱ्यात, आखूड रेलवर, साच्याखाली उजेडाची बारीक रेघ दिसते, साधारण दोन अंशांची. त्या कोपऱ्यात बॉल अडकतो अशी तक्रार अजून कुणी केलेली नाही. स्टिकर लावले आहेत, आणि या खेपेला पहिले शॉट त्या मुलीला मारायला सांगितले आहेत.